ब्रेकमास्तरांचे साडेतीनशे घोडे

ब्रेकमास्तरांचा उजवा बूट नेहमी डाव्याच्या आधी झिजायचा. चांभाराने एकदा न राहवून विचारलंच, "मास्तर, तुम्ही एकाच पायाने चालता की काय?" मास्तर म्हणाले, "चालत नाही रे बाबा, थांबवतो." आणि ते काही खोटं नव्हतं. गाडी चालवायला शिकवण्याचा त्यांचा क्लास. निम्म्या शहराने त्यांच्याच गाडीत पहिल्यांदा गियर टाकला आणि त्यांच्याच गाडीत पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं. शिकणारा स्टीअरिंगवर, मास्तर शेजारच्या सीटवर, आणि मास्तरांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक. समोरच्याचं चुकलं की तो दाबायचा, एवढंच काय ते त्यांचं हत्यार.

पण इतकी वर्षं हे हत्यार चालवून झालं काय, की तो पाय मास्तरांचा राहिलाच नाही. बसमध्ये बसले तरी दाबायचा. लिफ्ट खाली निघाली की दाबायचा. सिनेमात कुणाची गाडी कड्याकडे सुटली की पुढच्या खुर्चीवरचा माणूस उसळून मागे बघायचा. न्हाव्याचा वस्तरा गालावरून जरा घाईने उतरला की पाय खाली. घरी जेवणाच्या टेबलाखालची एक फरशी तर गुळगुळीत झाली होती, कारण बायकोला गरम पातेलं टेबलावरून सर्रकन सरकवायची सवय. "अहो, पातेलं आहे ते, ट्रक नाही," ती म्हणायची. मास्तर ओशाळायचे आणि पुढच्या पातेल्याला पुन्हा दाबायचे.

पास करण्याची त्यांची रीतही जगावेगळी. सरकारी परीक्षा, तो परवाना, तो फोटो, हे सगळं त्यांच्या लेखी कागदी घोडे नाचवणं. शिकणाऱ्याचा पाय ज्या दिवशी मास्तरांच्या पायाआधी ब्रेकवर पडेल, त्या दिवशी मास्तर म्हणणार, "पास. उद्यापासून येऊ नका." बस्स. कुणी आठवड्यात पास झालं, कुणी महिन्यात. एक शिंपी मात्र येतच राहिला, येतच राहिला, आणि शेवटी कंटाळून त्याने गाडी विकली नि सायकल घेतली. मास्तर म्हणाले, "बघा, हा त्याचा पहिला वेळेवरचा ब्रेक."

त्या शिंप्याखेरीज या परीक्षेत नापास राहिलेलं दुसरं माणूस म्हणजे मास्तरांची एकुलती एक लेक. आणि तिचा त्यात काडीचाही दोष नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो! बाकीच्यांच्या वेळी मास्तर पाय उचलून धरायचे, आता दाबेल, मग दाबेल, अशी वाट बघायचे, आणि अगदीच गळ्याशी आलं की मग स्वतः दाबायचे. लेक स्टीअरिंगवर बसली की मात्र वाट बघणं बंद. लांब कुठेतरी कुत्रं दिसलं, तेही रस्त्याकडेला झोपलेलं, की मास्तरांचा पाय खाली. तिचा पाय निघायच्या आत गाडी थांबलेली.

"बाबा, मी दाबणारच होते!"

"दाबणार होतीस. दाबला नव्हतास."

"तुम्ही दाबू दिलात कुठे?"

यावर मास्तर आरसा नीट करायचे. शेवटी लेक वैतागली. परवाना तेवढा काढला आणि दुसऱ्या शहरात शिकायला गेली. तिथून डॉक्टर होऊन परत आली, आणि डॉक्टर तरी कसली, तर भूल देणारी. बाप आयुष्यभर लोकांना जागं ठेवत आला आणि लेक लोकांना झोपवायला लागली. आईला याची भारी गंमत वाटायची. पाहुण्यांना ती हे चहाबरोबर सांगायची.

आता घोड्यांकडे येतो. मास्तरांना दारूचा नाद नव्हता, पत्त्यांचा नव्हता. नाद होता मोठ्या गाड्यांचा, आणि तोही लांबूनच. त्यातही त्यांचा जीव जडला होता तो मध्यम आकाराच्या आलिशान क्रॉसओव्हरवर. म्हणजे जीपचा उंच बांधा आणि आत जावयासारखे लाड, अशा त्या गाड्या. स्वतः मास्तर ज्या गाडीत बसायचे तिची ताकद एवढी, की चढावर शिकणाऱ्याला उतरवून ढकलायला लावावं की काय असं वाटायचं. पण जगातल्या सगळ्या क्रॉसओव्हरच्या इंजिनांची माहिती त्यांच्या जिभेवर. सकाळची बॅच संपली की ते कोपऱ्यावरच्या गॅरेजात जायचे, उलट्या डब्यावर बसायचे, आणि गॅरेजवाला कुणाच्या तरी गाडीखाली आडवा असताना त्याच्या पायांशी बोलायचे.

"इंजिनाचे घोडे मोजायचे, म्हणजे अश्वशक्ती," मास्तर सांगायचे, "आणि किमतीला घोड्यांनी भागायचं. एक घोडा कितीला पडला ते बघायचं. याला म्हणतात दरघोडा. जिथे दरघोडा कमी, ती गाडी खरी. बाकी सगळा रंगरंगोटीचा खर्च."

"मग सगळ्यांत जास्त घोड्यांची घ्यायची," गाडीखालून आवाज यायचा.

"थांब थांब! घोडे सपाटीवर दिसतात. चढावर लागते ती ओढ. ओढ म्हणजे टॉर्क. घोडे भरपूर आणि ओढ नाही, म्हणजे सर्कशीतले घोडे. दिसायला झकास, गाडा ओढायला लावलास की बसकण मारतील. आधी ओढ बघ, मग दरघोडा काढ."

हा दरघोडा त्यांनी स्वतः शोधून काढला होता आणि लोक खरंच विचारायला यायचे. दातांचे डॉक्टर आले, वकील आले, एक कंत्राटदार तर किल्ली हातात पडायच्या दिवशी आला आणि दरघोडा ऐकून तोंड पाडून गेला. बायको दारातल्या त्यांच्या खटाऱ्याकडे हात करून म्हणायची, "जगाचे घोडे मोजताय, आणि आपल्या दारात उभी आहे ती शेळी."

"शेळी नाही ती. वर्गखोली आहे," मास्तर म्हणायचे.

आणि अशा माणसाच्या घरी एके दिवशी जेवताना लेक म्हणाली, "बाबा, मला डोंगरावरच्या हॉस्पिटलात कायमची नोकरी मिळाली. येऊन जाऊन करणार. बस भलत्याच वेळेला असते, तेव्हा मी गाडी घेतेय. चांगली घेतेय. त्या चढावर धापा टाकणार नाही आणि मागे माझ्या भुलीच्या सामानाच्या पेट्या मावतील अशी. निवड तुम्ही करा. मी त्यातलं काही बघणार नाही."

मास्तरांचा घास हातातच राहिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घोड्यांचे हिशेब केले, आणि आता घोडामैदान घराच्या दारात! त्यांचा चेहरा असा फुलला की बायकोला लग्नातला फोटो आठवला. मग हळूच त्यांनी विचारलं, "आणि चालवणार कोण?"

"कोण म्हणजे? मी."

टेबलाखाली टप् असा आवाज झाला. आईने लेकीकडे पाहिलं, लेकीने आईकडे.

मास्तरांना भीती कशाची वाटली ते मी सरळच सांगतो, आडपडदा कशाला. तो डोंगराचा रस्ता त्यांच्या ओळखीचा होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वळणं अशी की समोरून येणारा दिसतो तो एकदम दाराशी आल्यासारखा. त्या रस्त्यावर त्यांची लेक रोज एकटी. शेजारची सीट रिकामी. आणि त्या सीटपुढे ब्रेक नाही. जी मुलगी त्यांच्या परीक्षेत एकदाही पास झाली नाही, ती. त्यांना दुसरं काही सुचेना. घोडे, ओढ, दरघोडा सगळं तोंडाने बोलायचे, पण डोक्यात एकच होतं, की त्या शेजारच्या सीटचं काय करायचं.

यादी तीन गाड्यांवर आली. त्यांची खरी नावं लांबलचक आणि अर्धी आकड्यांची, म्हणून मास्तरांनी त्यांना आपली नावं ठेवली. पहिली पैलवान: तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, वर टर्बो, साडेतीनशे घोडे, ओढ तर विचारू नका. सीटा जरा टणक, आत दिव्यांची रोषणाई बेताची. दुसरी शहाणी: दोन लिटर, चार सिलिंडर, अडीचशे घोडे, पेट्रोल जपून पिणारी, किंमतही कमी. आणि तिसरी राणीसाहेब. तिचे घोडे सगळ्यांत कमी आणि किंमत सगळ्यांत जास्त. का, तर सीट पाठ चेपून देते, आत अत्तराचा फवारा आहे, आणि दार आपलं आपण हलकेच लागतं. मास्तरांच्या हिशेबाने पैलवानाचा दरघोडा सगळ्यांत स्वस्त, शहाणीचा त्याच्या मागोमाग, आणि राणीसाहेबांचा दरघोडा काढताना त्यांना हसूच आवरेना. "हा घोडा आहे की हत्ती?" ते गॅरेजवाल्याच्या पायांना म्हणाले.

म्हणजे निकाल लागल्यात जमा होता. पण मास्तर शोरूम बघायला निघाले, आणि तिथे घोडं पेंड खायला लागलं.

पैलवानाच्या शोरूममध्ये मास्तर अगदी रुबाबात गेले. टर्बो किती फेऱ्यांना जागा होतो, गियरबॉक्स किती पायऱ्यांचा, चारी चाकांना ओढ एकदम जाते की मागून पुढे, असं विचारून तिथल्या विक्रेत्याला घाम फोडला. मग इकडे तिकडे बघून, औषधाच्या दुकानात माणूस नको ते औषध मागतो तशा आवाजात विचारलं, "यात शेजारच्या सीटपुढे एक ब्रेक बसवून मिळेल का?"

विक्रेत्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "साहेब, ही लक्झरी गाडी आहे. शेजारच्या सीटवर बसून पाय पसरायचे असतात."

शहाणीच्या शोरूममधल्या बाई समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, "काका, हिच्यात आपोआप लागणारा ब्रेक आहे. समोर काही आडवं आलं की गाडी स्वतःच दाबते."

"गाडीला काय कळतं!" मास्तर म्हणाले आणि बाहेर पडले.

राणीसाहेबांच्या शोरूममध्ये मात्र मॅनेजरच त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. क्लासमध्ये त्याचं नाव पडलं होतं रिव्हर्स, कारण पहिला गियर टाक म्हटलं की हा बरोब्बर उलटा टाकायचा. एकदा त्याने क्लासची गाडी मागच्या मागे एका फर्निचरच्या दुकानात नेऊन सोफ्याशेजारी उभी केली होती. आता टाय लावून, केस पिकवून, काचेच्या केबिनमध्ये बसला होता, पण मास्तरांना पाहताच ताडकन उठला आणि सवयीने त्याने आधी आरसा बघितला.

"सर, तुम्ही म्हणाल ते करू," रिव्हर्स म्हणाला. "आमचं वर्कशॉप बसवून देईल ब्रेक. फक्त गाडीची हमी जाईल. आणि गाडी ताईंच्या नावावर, तेव्हा त्यांची सही लागेल."

झालं! त्या दिवसापासून मास्तर राणीसाहेबांचे भाट झाले. गॅरेजात गेले आणि उलट्या डब्यावर बसून म्हणाले, "घोड्यांचं काय एवढं घेऊन बसायचं? घोडे आले की लाथा आल्या."

गॅरेजवाला सरपटत गाडीखालून बाहेर आला. मास्तरांच्या बोलण्याला तो इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाहेर आला होता. "मास्तर, ताप आहे का?"

"ताप कसला? माणसाने सोय बघावी. दार आपलं आपण लागतं."

"आणि दरघोडा?"

"दरघोडा, दरघोडा! दरघोडा काय चाटायचाय?" मास्तर कडाडले, आणि स्वतःच दचकले.

घरी बायकोने तर सरळ वाभाडेच काढले. "पाठ चेपणारी सीट हवी म्हणे! ती पोर काय ऑपरेशन सोडून गाडीत पाठ चेपून घेत बसणार आहे? आणि एवढी किंमत मोजून चढावर ती राणी फुसफुसली म्हणजे? तुम्हीच सांगत होतात ना सर्कशीतले घोडे?" मास्तर म्हणाले की बायकांना इंजिनातलं कळत नाही. त्यावर बायको म्हणाली की मला इंजिनातलं नाही कळत, तुमच्यातलं कळतं. मास्तर तोंड फिरवून वर्तमानपत्र वाचायला लागले. ते कालचं होतं.

लेक मात्र वाद घालत नव्हती. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "बरं, राणीसाहेब तर राणीसाहेब. पण आधी रविवारी पैलवानाची एक चक्कर मारू. डोंगरावर. मी चालवते, तुम्ही शेजारी बसा. आई, तूही चल."

रविवारी सकाळी पैलवान दारात आला. मागच्या सीटवर आई आणि तिच्या शेजारी तोच पाय पसरायला सांगणारा विक्रेता. मास्तर आपल्या नेहमीच्या जागी बसले. पायाखाली ब्रेक नव्हता, नुसता जाड मऊ गालिचा होता. त्यांनी तो पायाने चाचपून पाहिला आणि पट्टा घट्ट ओढून घेतला.

शहर संपलं, चढ लागला, आणि काय सांगू, पैलवानाने तो चढ उतार असल्यासारखा खाल्ला. पुढे लाकडं भरलेला एक ट्रक कण्हत चालला होता. लेकीने वाट मोकळी असल्याचं बघितलं, पाय जरा खाली केला, आणि साडेतीनशे घोडे एका दमात ट्रकला मागे टाकून पुढे. मास्तरांच्या छातीत काहीतरी लखलखलं. आयुष्यभर ज्या ओढीवर ते उलट्या डब्यावर बसून बोलले होते, ती आज पहिल्यांदा त्यांच्या पाठीला लागली होती. "अहाहा!" असं त्यांच्या तोंडून निघालं, आणि पुढचं वळण दिसताच पाय गालिच्यावर.

वळण आलं की मास्तरांचा पाय खाली. समोरून गाडी दिसली की पाय खाली. आणि गंमत अशी की प्रत्येक वेळी गाडी हळू व्हायची. मास्तरांना वाटायचं, लागला. विक्रेता मागून वाकून बघायचा, की हे साहेब गालिच्यात काय रुतवतायत. एका वळणानंतर रस्त्याच्या बरोबर मधोमध एक म्हातारा सायकल हातात धरून उभा, जणू आपल्या अंगणातच आहे. मास्तरांनी सगळं अंग एकवटून पाय दाबला. पैलवान म्हाताऱ्यापासून चांगला लांब, मऊ थांबला. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि सावकाश पलीकडे गेला.

गाडी पुन्हा निघते न निघते तोच मास्तर ओरडले. असे ओरडले की विक्रेत्याला वाटलं इंजिन गेलं. "पोटरी! पोटरी!"

पायात गोळा आला होता. येणारच, गालिच्याशी एवढी कुस्ती म्हणजे थोडं का काम आहे! लेकीने शांतपणे गाडी कडेला घेतली, मागच्यांसाठी दिवे लुकलुकते केले, उतरून वळसा घालून आली, बापाचं दार उघडलं आणि खाली उकिडवी बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला. बूट काढला. अंगठा धरून पाऊल वर वाकवलं.

"ढिला सोडा, बाबा."

"सुटत नाही गं."

"माहीत आहे मला." ती पोटरी चोळत राहिली. मग म्हणाली, "रिव्हर्सकाकांचा फोन आला होता. सही मागत होते."

मास्तरांनी आरसा नीट करावा म्हटलं तर आज आरसाही तिच्या बाजूला होता.

"कसली सही?" मागून आईने विचारलं.

"राणीसाहेबांना शेजारी दुसरा ब्रेक बसवायचाय," लेक म्हणाली. "बाबा, त्या ब्रेकवर पाय ठेवायला रोज येणार कोण होतं?"

"मी," मास्तर म्हणाले.

"रोज?"

"सकाळची बॅच बंद केली असती. तू ऑपरेशनला गेलीस की मी कँटीनमध्ये बसलो असतो. तिथला चहा बरा असतो, असं ऐकलंय. मग तुझ्याबरोबर परत."

"अहो, आणि मी?" आई मागून उसळली. "मी घरी एकटीने काय करायचं होतं?"

"तुझ्यासाठी मागची सीट होती की," मास्तर कळवळून म्हणाले. "राणीसाहेबांत मागचीही पाठ चेपते."

विक्रेता खोकल्यासारखं करून दुसरीकडे बघायला लागला. लेकीला हसू फुटलं. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि ती बापाचा पाय तसाच मांडीवर धरून बसली.

"बाबा, आज किती वेळा दाबलात?"

"मोजलं नाही."

"दर वेळी गाडी थांबली?"

"थांबली."

"खाली ब्रेक होता?"

मास्तरांनी गालिच्याकडे पाहिलं. तिथे त्यांच्या बुटाचा ठसा उमटला होता आणि बाकी काही नव्हतं. "नव्हता," ते म्हणाले.

"मी माणसाला झोपवते ना, तेव्हा तो उठेपर्यंत त्याचा श्वास माझ्या हातात असतो. तिथे माझ्या शेजारी दुसरा ब्रेक घेऊन कुणी बसत नाही. मला भीती वाटते, बाबा. रोज वाटते. वाटते म्हणून तर मी आधी दाबते. हे मी दुसऱ्या कुणाकडून शिकले असेन असं वाटतं का तुम्हाला?"

मास्तर म्हणाले, "मला फार भीती वाटते गं. बाकीच्यांच्या वेळी थांबता येतं मला. तुझ्या वेळी नाही येत."

"माहीत आहे," ती म्हणाली. "आता दुखतंय का?"

"नाही."

"मग बूट घाला. वरपर्यंत जाऊ. हॉस्पिटलच्या कँटीनचा चहा पिऊ. तो अजिबात बरा नसतो."

खरोखरच तो अजिबात बरा नव्हता. पण मास्तरांनी दोन कप प्यायले आणि विक्रेत्यालाही आग्रह करकरून पाजला. उतरताना त्यांनी दोन्ही पाय सीटच्या कडेशी मुडपून धरले होते, शाळेत बाकावर बसतात तसे. मध्ये मध्ये उजवा निसटायचा, ते त्याला परत आणायचे. खाली पोचल्यावर त्यांनी विक्रेत्याला विचारलं, की सीटा जरा मऊ करून मिळतील का. विक्रेता म्हणाला, ते मिळेल.

असं करून एकदाचं घोडं गंगेत न्हालं. पैलवान घरी आला. मास्तर गॅरेजात जाऊन उलट्या डब्यावर बसले आणि म्हणाले, "शेवटी काय, दरघोडा तो दरघोडा." गाडीखालून नुसतं "हं" आलं. रिव्हर्सने फोनवर सांगितलं, "बरं झालं सर, हमी फुकट गेली असती," आणि मास्तरांना त्याचा जरा रागच आला, कारण तो पहिल्यांदाच सरळ बोलला होता.

लेकीचा नोकरीचा पहिला दिवस उजाडला. डबा, पाण्याची बाटली, तिच्या त्या पेट्या, सगळं मागे चढलं. मास्तरांनी चारी चाकांना लाथा मारून पाहिल्या, काच पुसली, पुसलेली काच पुन्हा पुसली. शेजारच्या सीटचं दार त्यांनी उघडलं, आत पाहिलं आणि हलकेच लावून घेतलं. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही रविवारी यायचं. अनवाणी." आणि निघाली.

मास्तर आणि बायको फाटकात उभे राहिले. गल्ली सरळ आणि रिकामी. टोकाला मोठा रस्ता. पैलवान टोकाजवळ पोचतोय तोच आडव्या रस्त्यावरून पावाचा एक टेम्पो भरधाव आला. गाडीच्या मागचे लाल दिवे लागले आणि फाटकात मास्तरांचा पाय जमिनीवर आपटला, टप्. टेम्पो निघून गेला. दिवे विझले. पैलवान हळूच वळला आणि दिसेनासा झाला.

मास्तर तिकडेच बघत राहिले. जन्मभर ब्रेक दाबला, पण तो दाबल्यावर मागे जो लाल दिवा लागतो, तो त्यांनी आपल्या माणसाचा कधी बघितलाच नव्हता. तो मागे राहणाऱ्यालाच दिसतो.

"दाबलात ना?" बायकोने विचारलं.

"दाबला."

"आणि आधी कुणी?"

मास्तरांनी बाहीने डोळे पुसले. "तिनं," ते म्हणाले. "चांगलंच आधी."

"मग पास?"

"पास."

"फोन करून सांगू का तिला? उद्यापासून येऊ नका म्हणून?" बायको त्यांचा हात धरत म्हणाली.

"छे, काहीतरीच!" मास्तर म्हणाले. "रोज संध्याकाळी घरी ये म्हणावं."